शेपटीवरचे तीन पट्टे

— खेळणं न्हाई ते, पावनं, हात लावू नका. म्हशीचा पिकअप घेऊन आलाय, काचंवर नाव टाकायचंय, तर टाकू की — मशीन कापतंय, धा मिनिटं लागतील, तवर त्या स्टुलावर बसा. बाजार उठला की घोडेगावात समद्यांनाच घाई सुटती, तुमची म्हस काय गाडीतनं उडी मारत न्हाई. 'भवानीची कृपा', भगव्यात, व्हय ना? भगवा म्हंजी सहा नंबर. ही काय, सहा. रोलवर आकडे कशाला म्हनता? आमच्या मंडळीची शिस्त हाय ती, जयाची, तिला समदं लिवून ठेवायला लागतं. आनी हसायला काय झालं? रेडियमवाल्यानं इमान करू नये असा कायदा निघालाय का तुमच्या कर्जतात?

इमानच म्हननार मी. पोरगी म्हनती, पप्पा, विमान म्हना, वि-मा-न. म्हनलं, तू म्हन, तुला पगार हाय त्याचा. दिशा — माझी पोरगी — एअर फोर्समधी लागलीय, इमानं दुरुस्त करायच्या खात्यात. बेळगावचं ट्रेनिंग झालं, आज पयल्यांदा सुट्टीवर येतीय, चारच्या यष्टीनं. जया तिला घ्यायला सकाळीच नगरला गेली. गाव म्हनत हुतं, पोरीला कशाला धाडता, लगीन लावा. कोन कोन म्हनलं ते मला पाठ हाय. सख्खा भाऊ माझा, सूर्यभान, तो बी म्हनला. म्हनलं, लावू की, आदी तिला इमान खोलू दे आनी परत जोडू दे, मंग बघू तुझा कोन सोयरा पुढं येतोय ते.

हे तिच्यासाठीच हाय. इमान जोडायच्या खोक्यातनं शंभर-सव्वाशे तुकडे निघाले, जोडले, रंगवले — रंगाच्या डबीवर नाव असतंच की लिवलेलं, त्यात काय अवघड — पन ही चित्रं! हे गोल, हे आकडे, हे पट्टे! तीन आठवडे दम काढला मेल्यांनी. बावीस वर्सं गाड्यांना रेडियम लावतोय, नख घालायचं, मागचा कागद सोलायचा, चिकटवायचं, संपलं. तसंच केलं मी, घातलं नख. टर्रकन फाटलं! पंखावरचं गोल, तीन तुकडे. मागनं कळलं, हे सोलायचंच न्हाई, पान्यात भिजवायचं, आपसूक कागद सोडतंय. पन खोकं लई जुनं, डिंक पार दगड झालेला, कागद सोडंना. कोमट पानी केलं — सोडंना. थुकी लावली — सोडंना. मंग कपबशीत अर्धा तास बुडवून कुंचल्यानं सरकवलं तवा कुठं सुटलं, आनी पंखावर गेलं की खाली हवा, हे फोड! सुईनं टोचलं, चायनीजच्या गाड्यावरनं व्हिनेगर आनलं, ते लावलं, ओल्या कापसानं दाबत बसलो. पन बसलं. असं बसलं की हातानं रंगवलंय म्हनाल. शेपटी तेवढी ऱ्हायली हुती, ती आज उरकली, जया गेल्यावर.

काय बघताय शेपटीकडं? उलटं? काय उलटं? पट्टे? भगवा म्होरल्या अंगाला पायजे? पावनं, तुमी म्हशी घेता का इमानं घेता? बिभीषण रेडियमवाल्याला रंग शिकवताय, बावीस वर्सं रंगावर जगतोय मी! कुठं? खोक्यावरच्या चित्रात? आना ते हिकडं. हां, हे काय, हे तीन पट्टे, मधला पांढरा, आनी कडंचे दोन सारखेच —

...

सारखेच म्हनलो का मी? म्हनलो असंन. मंग? दिसत्यात सारखे. जन्मापास्नं दिसत्यात, भगवा बी मातकट आनी हिरवा बी मातकट, तुमच्या बापाचं काय गेलं? आकडे जयानं त्याच्यासाठी लिवलेत. तिच्याबिगर कोनाला ठाऊक न्हाई, आता तुमाला झालं. पुन्याला भरतीला गेल्तो मी, एकोनीस वर्साचा, ह्याच एअर फोर्सच्या. पळन्यात पास, उंचीत पास. डाक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक म्होरं धरलं, म्हनला, आकडा वाच. म्हनलं, साहेब, कुठाय आकडा, नुसते ठिपके हायती. मागची पोरं खदाखदा हसली. घरी येऊन सांगितलं, छातीच्या मापात बसलो न्हाई. आईला तेच, भावाला तेच, पोरीला बी तेच.

पोरीच्या मेडिकलच्या आदल्या दिशी ती इचारती, पप्पा, तुमी कशात गेल्ता? म्हनलं, छातीत. म्हनली, मंग मला काय भ्या न्हाई. आनी मला एकच भ्या, माझे डोळे हिच्यात उतरले असले तर? तिनं वाचले, पावनं. समदे आकडे वाचले, एक चुकला न्हाई. फोन ठेवला आनी हितंच, ह्या रोलांमागं जाऊन रडलो मी.

लाज न्हाई वाटत मला, तसं समजू नका. ह्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांवरचे रंग माझ्या हातचे हायती, मला दिसू नायतर न दिसू. पन उलटं इमान मी तिच्या हातात देनार न्हाई. ती आता त्यातलीच मानूस, एका नजरंत वळखंल — पट्टे बी, आनी छातीचं बी. ते मी सांगनार, माझ्या तोंडानं, मला वाटंल तवा. ह्या शेपटीनं न्हाई सांगायचं! बघा, आता कागद सोडत नव्हतं ते इमान सोडंना. ड्रायर मारावा तर प्लास्टिक वाकतंय. चिकटपट्टी लावून ओढतो... थांबा... आलं, आलं एका बाजूचं निघून. दुसऱ्या बाजूचं बी आलं. पट्ट्यांची जादा जोडी हाय कागदावर, नशीब.

तुमचं कापून झालं, हे घ्या, काच पुसून लावा. आनी जाता जाता हिकडं या जरा. ह्या दोन्हींत भगवा कंच्या कडंला हाय? तोंडानं बोलू नका, पलीकडं चहावाला कान देऊन बसलाय. नुसतं बोट ठेवा.

हितं? आनी ह्याचा हितं?

बरं. बाजूला पेनानं सहा लिवतो.

निघा आता. निघा म्हनलं ना, पावनं, म्हस वाट बघतीय, आनी चार वाजत आले.