चित्र हलत नाही

...नाही हो, वायर बदलून झाली. पिन बदलली. अॅडॉप्टर तपासला का म्हणाल, तर तोही बदलला. तुम्हाला सांगतो, एकदा का आईच्या घरी कॅमेरा लावलाय हे लोकांना कळलं ना, की जो भेटतो तो इंजिनिअर होतो. परवा केस कापायला गेलो, तर तो न्हावी वस्तरा मानेवर ठेवून विचारतो, "साहेब, अर्थिंग बघितलं का?" बघितलं बाबा, सगळं बघितलं, तू आधी तो वस्तरा बाजूला घे. आणि चित्र? चित्र हलत नाही.

आता हा कॅमेरा मी काही हौसेनं लावला नव्हता. आई एकटी राहते, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मध्यंतरी स्वयंपाकघरात पाय घसरून पडली, आणि शेजारच्या काकू साखर मागायला येईपर्यंत तशीच फरशीवर पडून राहिली. मला कधी कळलं? कामावरून सुटल्यावर. हाड शाबूत राहिलं, पण माझ्या जिवाला घोर लागला तो लागलाच. म्हटलं, "आई, आमच्याकडे चल." तर म्हणते, "तिथे येऊन करू काय? तुझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात लुडबुड?" यावर आमच्या हिनं जरा जास्तच पटकन मान डोलावली... ते जाऊ द्या, तो वेगळा विषय आहे.

तर कॅमेरा. दुकानदार म्हणाला, "लावायला माणूस पाठवतो." मी म्हणालो, नको. का म्हणालो? अहो, मी छापखान्यात प्रूफं तपासतो, दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारा माणूस, मला एक वायर जोडता येऊ नये? नाही आली. त्या वायरीच्या पोटात एक तार असते केसासारखी, आणि तिच्याभोवती एक जाळी. दोघींनी एकमेकींना शिवायचं नाही. आणि मी पिन बसवली की त्या हमखास गळ्यात गळा घालून बसायच्या. मी शिडीवर, हातात पक्कड, दातात पिन, आणि खाली शिडी कुणी धरलेली? आईनं! जी पडू नये म्हणून हा सगळा खटाटोप, ती मला म्हणतेय, "पडशील रे, सांभाळ."

शेवटी टीव्हीवर आलं एकदाचं चित्र. आलं, पण त्यात आईचं डोकंच नाही, खांद्यापासून खाली सगळी आई. मी वरून ओरडतोय, "जरा डावीकडे... नाही, तुझ्या डावीकडे... त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बस... हां! आता हलू नकोस. तिथे स्वच्छ दिसतेस." मग मोबाईलवर जोडणी करून घेतली, आणि विजयी वीरासारखा घरी आलो.

दुसऱ्या दिवशी कामावर मोबाईल उघडला. आई खुर्चीत. बरं वाटलं. प्रूफांचा एक फॉर्मा वाचून पुन्हा उघडला. आई खुर्चीत. चहाच्या वेळी, आई खुर्चीत, हात मांडीवर, नजर समोर. भिंतीवरच्या घड्याळाचे काटेसुद्धा जागचे हललेले नाहीत. म्हटलं, लागली वाट. चित्र गोठलं.

आता तुम्ही म्हणाल, बसली असेल बाई खुर्चीत. अहो, माझी आई? ती जेवतानासुद्धा अर्धी उभी असते! कुंड्यांना पाणी घाल, काकूंच्या दारात जाऊन उभी राहा, धुतलेला डबा पुन्हा धू... या बाईला मी उभ्या जन्मात एका जागी बसलेली पाहिलेली नाही. म्हणजे दोष वायरीचाच. दुसरं असणार काय?

सुटलो की थेट तिच्याकडे. बघतो तर टीव्हीखालचं कॅमेऱ्याचं मशीन व्यवस्थित, टीव्हीवर चित्र लख्ख, आई चहा घेऊन येतेय, तीही चित्रात हलतेय. तिथे गेलं की चालतं, पाठ वळली की गोठतं! मी पिन बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वायर बदलली. पुन्हा तेच. अहो, ती वायर मला ओळखायला लागली होती. आई नुसती बघायची आणि म्हणायची, "बघ बाबा, तुझं तुला काय ते कळतं." आणि खुर्चीतून उठताना गुडघा चोळायची. मला ते दिसलं का? नाही. मी पिन बघत होतो.

शेवटी कॅमेऱ्याच्या कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावला. तिकडून एक बाई, आवाज असा की जन्मात कुणावर चिडली नसेल. "नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?" म्हटलं, चित्र हलत नाही. "सर, मशीन एकदा बंद करून चालू केलंत का?" बाई, मशीन तिकडे आहे, मी इकडे कामावर आहे, आणि आजवर इतक्या वेळा बंद-चालू केलंय की त्याला आता सवय लागलीय. "ठीक आहे सर. चित्राच्या कोपऱ्यात वेळ दिसते, ती पुढे सरकतेय का?" मी चष्मा वर केला. बघितलं. सेकंद पळतायत. "सरकतेय," म्हटलं. "मग सर, चित्र चालू आहे. समोरचं काही हलत नसेल."

तुम्हाला सांगतो... समोरचं म्हणजे माझी आई. फोन तसाच टाकला, प्रूफं तशीच टाकली, रिक्षा केली. सबंध वाटभर मोबाईल डोळ्यांसमोर. खुर्ची, मांडीवरचे हात, आणि सेकंद पळतायत. घड्याळ भिंतीवरचं... ते तर केव्हाचं बंद पडलेलं, मीच नवा सेल आणतो म्हणून विसरलेलो. मनात काय काय आलं ते सांगत नाही. दार ढकलून आत शिरलो, "आई!"

मान न वळवता, ओठसुद्धा जेमतेम हलवत आई म्हणाली, "आलास? मग आता हलू का?"

म्हटलं, "आई, हे काय?" तर म्हणते, "तूच नाही का म्हणालास, हलू नकोस, तिथे स्वच्छ दिसतेस? उठले आणि तेवढ्यात तू बघितलंस, तर घाबरून धावत नाही का येणार?" "अगं, मग जेवण? बाकीचं?" "तुझी डबा खायची वेळ मला माहीत आहे की. तेव्हा तू डब्यात बघतोस, मोबाईलमध्ये नाही. तेवढ्यात उरकते सगळं."

कुंड्या सुकलेल्या. काकू रुसलेल्या. गुडघे धरलेले. पडू नये म्हणून कॅमेरा लावला आणि चालती-फिरती बाई मी खुर्चीला खिळवून ठेवली! रडू आलं, खोटं कशाला सांगू. तिचे हात धरून म्हटलं, "आई, हिंड. वाटेल तिथे हिंड. सकाळी एकदा कॅमेऱ्याला हात दाखव, की झालं."

आता ती हिंडते. सकाळी हात दाखवते आणि जी गायब होते ती होतेच. दिवसभर मोबाईलवर काय? रिकामी खुर्ची. आणि आता मला वाटतं, पाणी प्यायला उठलो आणि नेमकी तेवढ्यात ती चित्रात येऊन गेली तर? म्हणून मी बसतो. मांडीवर प्रूफं, नजर समोर. परवा सुट्टीच्या दिवशी घरीसुद्धा तेच, तर ही आली, माझ्या डोळ्यांपुढून हात फिरवला आणि म्हणाली, "अहो, केव्हाचे हलला नाहीत. तुमची वायर बघू का?"

तेवढ्यात फोन वाजला. आई. काकूंच्या घरून, मागे दोघींचं हसणं. "काय रे, बघत बसलायस ना?"

म्हटलं, "हो आई. मग... हलू का आता?"