मागितलं काय होतं, एक संडास!

...आणि हे पुरातत्त्व खात्याचे लोक वर तोंड करून मलाच विचारतात, "खणायच्या आधी परवानगी का नाही घेतलीत?" अहो, माझं घर! माझी जमीन! माझी कुदळ! बरं, कुदळ गवंड्याची होती, पण चहा तर माझा पीत होता ना तो! तुम्हाला सांगतो, जुन्या शहरात जुनं घर असलेला माणूस भेटला आणि म्हणाला, "घरात थोडं काम काढलंय," तर पुढे काही विचारू नका. त्याला आधी खुर्ची द्या. मी काय महाल बांधत होतो? गच्चीवर पोहायचा तलाव करत होतो? मागितलं काय होतं मी? एक संडास! खालच्या मजल्यावर, जिन्याखाली, चार बाय पाचचा, एक संडास!

झालं काय, आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वय वर्षं ब्याऐंशी, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, झकास झालं. डॉक्टर म्हणाले, "आता जिना बंद. कायमचा." आता आमचं घर कसं? खाली दोन खोल्या नि स्वयंपाकघर, आणि संडास वर! पन्नास वर्षांपूर्वी तो वर नेला कोणी? अण्णांनीच! का? तर म्हणे, खाली असला की रस्त्यावरून जाणारा प्रत्येक ओळखीचा माणूस "जरा जाऊन येतो हं" म्हणत आत शिरतो. घ्या! लोकांना चुकवायला माणसानं स्वतःलाच जिना चढायला लावला!

पण हॉस्पिटलात नर्सनं भांडं आणलं ना, तेव्हा अण्णांनी माझा हात धरला. ज्या माणसानं मला आयुष्यभर फक्त हुकूम सोडले, तो हळूच म्हणाला, "घरी हे नको रे. चार पावलं कशीही चालेन, पण दार लावून बसेन." मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही यायच्या आत खाली बांधून ठेवतो." तीन आठवडे होते हातात. तीन आठवड्यांत लोक लग्नं उरकतात, एक संडास व्हायचा नाही?

बोलावला गवंडी. आमची ही म्हणाली, "आधी नीट चौकशी करा." मी म्हटलं, "संडासाची कसली चौकशी?" गवंड्यानं जिन्याखाली टिचक्या मारून बघितलं आणि म्हणाला, "दहाव्या दिवशी बसाल साहेब." पहिल्या दिवशी लादी काढली. खाली काय? दुसरी लादी! ती काढली. खाली काय? दगडी फरशी! आणि हा गवंडी प्रत्येक थराला कमरेवर हात ठेवून उभा. "काय काम करून ठेवलंय साहेब पूर्वीच्या लोकांनी!" अरे, तू खणायला आलायस की सत्कार करायला? त्या पूर्वीच्या लोकांपैकी एकाला तरी कळत होतं का, की नवी फरशी घालताना जुनी काढायची असते? तशीच दडपायची वर! एकावर एक! आळशी लेकाचे!

तिसऱ्या दिवशी कमरेएवढ्या खड्ड्यात पहार आपटली... ठण्ण! माती बाजूला केली तर खाली घडीव दगड, त्यावर शेजारी शेजारी दोन उंचवटे, मध्ये फट आणि मागे एक पन्हळ. गवंडी म्हणाला, "साहेब, काहीतरी आहे." काहीतरी आहे हे मलाही दिसत होतं, डोळे आहेत मला! पण पुढचं त्यानं जे सांगितलं ना, ते या सबंध प्रकरणातलं एकमेव शहाणं वाक्य. "साहेब, बुजवू का? वरून पाइप टाकतो, लादी बसवतो. तुम्ही पाहिलं नाही, मी पाहिलं नाही." आणि मी... मी म्हणालो, "थांब."

का म्हणालो? त्या तोफगोळ्यामुळे!

तोफगोळे म्हणजे आमच्या समोर राहणारे गृहस्थ. त्यांच्या भिंतीत सहा वर्षांपूर्वी एक गोल दगड निघाला. पुरातत्त्व खात्यानं येऊन सांगितलं, तोफेचा गोळा, आणि दारावर हातभर पाटी लावली. झालं! तेव्हापासून हा माणूस असा चालतो, की जसा काही तो गोळा यानंच छातीवर झेलला! माझं विचाराल तर कुणीतरी मसाला कुटायला आणलेला गोटा असणार तो. तर हे तोफगोळे नेमके त्याच क्षणी माझ्या खिडकीत. "काय, काही निघालं का? नाही ना? नाही निघत हो, प्रत्येकाच्या घरात नाही निघत. आमच्याकडे निघालं." आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मी खात्याला फोन केला. हो, मीच केला! हसू नका. स्वतःच्या हातानं, नंबर शोधून, दोनदा लागला नाही तर तिसऱ्यांदा लावून!

दुसऱ्या दिवशी खात्याच्या बाई हजर. डोक्यावर टोपी. घरात, छपराखाली, टोपी! सोबत दोन मदतनीस. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, गवंड्याला हाकललं आणि बसले घासत. कशानं? दात घासायच्या ब्रशनं! दोन धडधाकट पुरुष चौदा दिवस माझ्या घराचे दात घासत होते! आमची ही स्वयंपाकघरात जायला दोरीखालून वाकून जायची आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची. मी बाईंना विचारलं, "किती दिवस?" बाई एकदम कुजबुजल्या, जसं काही खाली कोणी झोपलंय, "घाई करू नका. हे आसन असावं. कुणीतरी फार मोठी व्यक्ती इथे बसत असावी." मी म्हटलं, "बाई, इथे माझे वडील बसणार होते. मागितलं काय होतं मी? एक संडास!" तर म्हणाल्या, "संडास काय, कुठेही होईल." मी म्हटलं, "मग त्या कोपऱ्यात खणू?" "छे छे! आता सबंध तळमजला संरक्षित. खिळासुद्धा ठोकायचा नाही."

आणि तीन आठवडे संपले. अण्णा घरी आले. काठी टेकत, माझ्या खांद्यावर भार टाकत जिन्यापाशी आले आणि खड्ड्यात वाकून बघत राहिले. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी. मान वर करायची हिंमत नव्हती माझी. आणि अण्णांच्या चेहऱ्यावर हे एवढं हसू! "अरे, हा तर आपला संडास!"

बाईंच्या हातातला ब्रश गळला.

"आमच्या वडिलांनी बांधलेला," अण्णा सांगतायत. "त्या डाव्या दगडाला चीर आहे ना? मी आठ वर्षांचा असताना बादली आपटली होती. थोबाडीत खाल्ली होती मी त्यापायी. वर नवा केला तेव्हा हा मीच माती टाकून बुजवला." बाई खाली वाकल्या. चीर होती! मी म्हटलं, सुटलो! आता दोऱ्या काढतील, गवंड्याला हाक मारतो... पण बाई उठल्या त्या डोळ्यांत पाणी घेऊन. "म्हणजे हे शौचकूप आहे! चारशे वर्षांपूर्वीचं शौचकूप! या शहरातलं पहिलंच!" अण्णा म्हणाले, "अहो बाई, चारशे कुठली, मी बसलोय त्यावर!" तर त्यांच्या हातावर हात ठेवून, लहान मुलाला समजावतात ना तशा सुरात म्हणतात, "काका, तुमच्या आठवणींचा आदर आहे. पण थर वेगळं सांगतात. आणि अहवाल गेलाय." आसन असल्याचा गेला होता, तो फक्त दुरुस्त करायचा! एवढी शिकलेली बाई, दगडाचं ऐकते, पण जो माणूस त्या दगडावर बसलाय, त्याचं ऐकत नाही!

तर आता काय आहे, खड्ड्यावर जाड काच. काचेखाली दिवा. दारावर पाटी, तोफगोळ्यांच्या पाटीपेक्षा दीड वीत मोठी, खोटं कशाला बोलू, मोजली मी. त्यावर लिहिलंय, "प्राचीन शौचकूप. वापर करू नये." रोज दहा ते पाच या वेळेत लोक बघायला येतात. माझ्या घरात खाली संडास आहे, दगडी आहे, अजून शंभर वर्षं हलणार नाही, आणि माझे वडील दिवसातून चार वेळा खुर्चीत बसून वर जातात! एका बाजूनं खुर्ची उचलतो मी. दुसऱ्या बाजूनं कोण? तोफगोळे! सोळा पायऱ्या चढेपर्यंत गोळ्याची गोष्ट सांगतात आणि मला ऐकावी लागते, कारण सोडली खुर्ची तर अण्णा पडतील. मागितलं काय होतं हो मी...

परवाचीच गोष्ट. आम्ही खुर्ची घेऊन अर्ध्या जिन्यात. खाली पंधरावीस माणसं काचेभोवती माना वाकवून उभी. अण्णा वरून बघत म्हणाले, "म्हणून वर नेला होता मी. खाली असला की सगळा रस्ता आत शिरतो." तेवढ्यात त्या गर्दीतला एक भला माणूस दोन्ही गुडघे जवळ घेऊन माझ्याकडे बघत म्हणतो, "माफ करा... इथे टॉयलेट कुठे आहे?"

मी काही बोलणार, तोच खुर्चीतून अण्णा म्हणाले, "वर या. पण रांग आहे. माझ्यानंतर."