बादलीही नाही

ऑपरेशन होऊनही मी काहून लंगडून राहिलो, हेच विचारता न? ऐका मंग.

टाइल्स बसवता बसवता माझ्या गुडघ्यातली गादी, डॉक्टर तिले कूर्चा म्हणते, झिजून खड्डा पडला होता. शहरातल्या डॉक्टरनं माझ्याच गुडघ्यातल्या थोड्या पेशी काढल्या, लॅबमध्ये वाढवल्या अन् दुसऱ्या ऑपरेशनात त्या खड्ड्यात बसवल्या. म्हणाले, "कोवळं रोप लावलंय. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, पायावर भार द्यायचा नाही."

बायकोनं मले पाण्याची बादलीही उचलू देल्ली नाही.

तिसऱ्या हप्त्यात बाबा गेले. मी एकटाच पोरगा. काका म्हणे, "तू बस गा, बाकीचे हायेत." मी कुबड्या भिंतीले टेकवल्या अन् चौकापर्यंत खांदा देल्ला.

पुढच्या तपासणीत डॉक्टरनं गुडघ्याचा फोटो उजेडावर धरला. "बसवलेला सगळा थर सुटून आलाय. वजन उचललं होतं का?"

"नाही साहेब. बादलीही नाही."

खोटं नाही बोललो मी. बापाले वजन म्हणतात, हे मले तवा सुचलंच नाही.