दूधी आंब्याचा उतारा

हा फॉर्म ज्यानं लिहिला ना, त्यानं जन्मात डोंगरातला आंबा पाहिला नसणार, रूपलीबाई — बसा तुम्ही, टोपली ठेवा खाली — म्हणे 'विक्रेत्याने जमिनीचा उतारा जोडावा'! आमचूर विकायला उतारा! आता जमीन भावाची आणि त्यातलं झाड बहिणीचं, हे तुमच्या पाड्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण फॉर्मवर झाडाचा रकानाच नाही. सुकरामदादा, काटा राहू द्या जरा, मी बोलते ते त्यांना तुमच्या पावरी बोलीत सांगा. — काय? समजतं त्यांना? बरं.

तसा हा खरेदीचा नवा कायदा वाईट नाही हो. खरंच नाही. जुनं महामंडळ आठवतं ना? केंद्राला बारमाही कुलूप, काट्यात उंदरांची पिल्लं, आणि तुमचा माल व्यापाऱ्याच्या जीपमध्ये, तो म्हणेल त्या भावानं. आता लिलाव मोबाईलवर, सुरतेचा खरेदीदार थेट बोली लावतो — याच्यासाठी कॉलेजात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्यात मी. विधेयक मंजूर झालं त्या दिवशी आमच्या प्रकाशा गावात गल्लीभर पेढे वाटले. माय म्हणाली, "तुन्हा कायदा व्हई गया, आते तरी घर ये." किती हसलो आम्ही.

तुम्हाला नाही येणार हसू. बरोबर आहे.

विधेयकावरच्या हरकती घ्यायला गेल्या उन्हाळ्यात मीच आले होते ना पाड्यावर? सगळ्या बाया गप्प, तुम्ही एकट्या उभ्या राहिलात. बापानं लग्नात दूधी आंबा दिला, म्हणालात — झाडाला नाव असतं हे मला तेव्हा कळलं — जमीन भावाची, करमसिंगची, पण दूधी माझा, त्याचं काय? सुकरामदादांनी मराठीत सांगितलं. मी ऐकलं. हे फॉर्म आल्यापासून तीन महिने मी सगळ्यांना सांगतेय, 'भाषेची अडचण झाली.' नाही झाली. शब्द न् शब्द कळला होता. पण दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती, आणि एक हरकत गेली असती तर ते उताऱ्याचं कलम परत समितीकडे, विधेयक पुढच्या अधिवेशनात — म्हणजे कधी? मला घाई होती. वाटलं, एका झाडासाठी का अडवायचं? नियम करताना बघू. मी लिहिलं, 'सर्वानुमते पाठिंबा.' आणि हजेरीच्या कागदावरचे तुमचे अंगठे... तेच जोडले त्याला. खाली माझं नाव आहे, जागृती, छान वळणदार अक्षरात.

तर मी पाहिला होता आंबा. त्या दिवशी तुम्ही दूधीचीच कैरी कापून मीठ लावून दिली होती मला. दोन फोडी जास्तच खाल्ल्या मी.

आता ऐका. दुरुस्तीसाठी पत्र दिलंय मी. पण नोंदणी आज बंद होतेय, आणि या ढगाळ हवेत तुमचं आमचूर काळं पडेल — बघा, कडेला पडायला लागलंच आहे. तर फक्त यंदा, यंदापुरतं, दूधीचं आमचूर करमसिंगच्या उताऱ्यावर चढवू. हे संमतिपत्र. — हो, माहितीये मला, एकदा चढलं की कागदावर झाड त्याचं. आणि तो तर केव्हाचा म्हणतोय, तोडतो अन् घराला फळ्या करतो. पण मी आहे ना! मी लक्ष ठेवीन, मी बोलेन त्याच्याशी, मी लिहून — नाही, लिहून नको. इथे अंगठा, बस. शाई लावलेली आहे. रूपलीबाई? अहो, टोपली का उचलताय? तुमच्या भल्याचंच — थांबा ना — काय म्हणाली ती, सुकरामदादा?

"मॅडम, ती म्हणते, आधी मागचा अंगठा परत द्या."