ओली बाजू खाली

(मिस्त्रीचं गॅरेज. काचा वाहणारी, अपघातात चेपलेली गाडी.)

बाई : डबा मिळाला, चष्मा मिळाला. बाटली चेपलीय, ती राहू द्या. आणि गालिचा कुठाय, भावजी?

मिस्त्री : कसला गालिचा?

बाई : कसला म्हणजे? यांच्या पायाखालचा. मी शिवलेला.

मिस्त्री : पडला असेल कुठेतरी. गाडी ओढून आणली तेव्हा अर्धं सामान रस्त्यावर होतं, वहिनी. सगळीकडे काचाच काचा. त्यात गालिचा कोण शोधतंय?

बाई : समोर ठेवलेला चष्मा जागच्या जागी राहिला आणि पायाखालचा गालिचा उडून गेला?

मिस्त्री : चहा घ्या. निवतोय.

बाई : तुम्ही चहा पुढे केलात की काहीतरी वाईट ऐकायचं असतं. मागे इंजिन खोललं होतं, तेव्हाही आधी चहा दिला होता. मग हळूच सांगितलंत, काम मोठं आहे म्हणून.

मिस्त्री : बरं, नका घेऊ. माझ्या चहाचीही बदनामी झाली म्हणायची.

बाई : मला थट्टा सुचत नाहीये.

मिस्त्री : मलाही कुठे सुचतेय? तोंडाला सवय आहे, एवढंच.

बाई : उद्या त्यांना चौकशीला बोलावलंय. काय सांगणार आहेत, ठाऊक आहे तुम्हाला? माझा पाय चुकला. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. असं लिहून देणार, सही करणार. म्हणजे मागे काचा धरून उभा असलेला पैलवान यांच्या हातून गेला, असं स्वतःच्या तोंडाने म्हणणार.

मिस्त्री : वय झालं की होतं असं, वहिनी.

बाई : तुम्ही जमिनीकडे बघून बोलताय.

मिस्त्री : पाना पडलाय, तो बघतोय.

बाई : पाना तुमच्या हातात आहे. अहो, जन्मभर गाडी चालवली त्या माणसाने. झोपेतसुद्धा पाय हलतो तो ब्रेकचाच. मी शेजारी झोपते, मला माहीत आहे. तुम्ही गाडी तपासलीत. मला एवढंच सांगा, ब्रेक फेल झाला होता ना?

मिस्त्री : चौकशीच्या साहेबांनी माझ्यासमोर दाबून पाहिला. लागला.

बाई : मग त्या दिवशी का नाही लागला?

मिस्त्री : लागला होता. जीव जाईपर्यंत लागला होता. ब्रेकचे ड्रम तापून निळे पडलेत बघा चारही. मागे काचांचा एवढा बोजा, पुढे उतार, आणि इंजिन ढकलतंय. अशा वेळी ब्रेक जळतो. पाय खाली जातो, पण गाडी धरत नाही. थंड झाला की पुन्हा शहाण्यासारखा लागतो.

बाई : इंजिन ढकलतंय म्हणजे? उताराला कोण रेस देतं?

मिस्त्री : झालं. बोललो जास्त.

बाई : बोललाच आहात, तर पूर्ण बोला.

मिस्त्री : वहिनी, घरी जा. त्याला दोन घास खायला घाला. उद्याचं उद्या बघू. अहो, आत कुठे चढताय? काचा आहेत अजून आत!

बाई : असू द्यात. रोज सकाळी ही केबिन मी झाडली. आज शेवटची झाडते. चौकशी आटोपली की भंगारवाला नेईल.

मिस्त्री : हट्टी आहात. पैलवान म्हणायचा ते काही खोटं नाही. म्हणायचा, वहिनींनी गाडीचा दिवाणखाना करून टाकलाय, पाय पुसल्याशिवाय आत घेत नाहीत. म्हणून मी आपला मागे उभा.

बाई : मागे तो काचा धरायला उभा राहायचा.

मिस्त्री : हो. थट्टेने म्हणायचा.

बाई : टपावर हे खड्डे त्याच्याच हाताचे ना?

मिस्त्री : दुसऱ्या कुणाचे? एक थाप, चल. दोन थापा, थांब. हात होता की हातोडा? दर महिन्याला मी आतून ठोकून सरळ करायचो, दर महिन्याला तो पुन्हा चेपायचा.

बाई : ... हे काय आहे?

मिस्त्री : कुठे?

बाई : इथे, खाली. पेडलच्या दांडीला दोरा गुंतलाय. निळा.

मिस्त्री : वायर असेल कसली तरी.

बाई : वायर मला कळते. ही नायलॉनची दोरी आहे. हिनेच मी गालिच्याच्या कडा शिवल्या होत्या. कुठलं पेडल आहे हे?

मिस्त्री : वहिनी, खाली उतरा.

बाई : हे मधलं ब्रेकचं, डावीकडचं क्लचचं. मग हे उजवीकडचं. ॲक्सिलरेटरच ना हे? माझा दोरा ॲक्सिलरेटरला कसा गुंतला, भावजी?

मिस्त्री : तुम्ही खाली उतरा. आधी बसा इथे, या टायरवर. मला शपथ घातलीय. पण तुम्ही विचाराल त्याला खोटं नाही बोलणार आता. थकलो मी.

बाई : गालिचा तुमच्याकडे आहे.

मिस्त्री : त्या पिंपामागे. जाळ म्हणाला होता. माझ्याच्याने जाळवला नाही. केवढे बारीक टाके घातलेत त्याला!

बाई : कोण म्हणालं जाळ?

मिस्त्री : कोण म्हणणार? तुमचा नवरा. रस्त्याच्या कडेला बसला होता, कपाळातून रक्त वाहतंय, आणि माझी कॉलर धरून म्हणतो, आधी आतला गालिचा काढ. कुणी यायच्या आत काढ. आत काही नव्हतंच, असं म्हण. हिला कळता कामा नये.

बाई : म्हणजे गालिचा पुढे सरकला.

मिस्त्री : पुलाच्या चढावर त्याने रेस पूर्ण दाबली. बोजा होता, दाबावीच लागते. गालिचा सरकून पुढे गेला आणि पेडल त्याच्या काठाखाली गेलं. चढ संपला, याने पाय उचलला. पेडल वर आलंच नाही. पुढे उतार, उताराच्या तळाला भाजीबाजार. ब्रेकवर उभा राहिला तो. क्लचही दाबला, पण तोवर ब्रेक जळाले होते. मग माणसांत घालण्यापेक्षा वखारीच्या दगडी भिंतीत घातली. मागच्या काचा पुढे पैलवानावर आल्या. बाकी तुम्हाला माहीत आहे.

बाई : तो सरकणारा नव्हता हो. खालच्या बाजूला मी खरखरीत रबर लावलं होतं. मुद्दाम.

मिस्त्री : तेच मला कळलं नव्हतं. मी ओढून काढला तेव्हा रबर वर होतं. कुणीतरी उलटा टाकला होता.

बाई : आदल्या दिवशी धुतला मी तो. ऊन पडलं नाही. सकाळी हात लावला तर लोकर ओली. म्हटलं, दिवसभर यांचे पाय ओल्यात राहतील. म्हणून उलटा टाकला. ओली बाजू खाली.

मिस्त्री : तुम्हाला काय ठाऊक असणार?

बाई : वरून हात फिरवून पाहिलं. कोरडा लागला. बरं वाटलं मला.

(त्याच दिवशी, दिवेलागणीला. बाईचं घर. खाटेवर ड्रायव्हर.)

बाई : दिवा लावू?

ड्रायव्हर : नको. असंच बरं वाटतं.

बाई : उद्या काय सांगणार आहात?

ड्रायव्हर : तेच. पाय चुकला.

बाई : माझ्याकडे बघून सांगा.

ड्रायव्हर : तुझ्याकडे बघून सांगितल्याने काय बदलणार आहे?

बाई : या पिशवीत हात घाला.

ड्रायव्हर : काय आहे? ... या मिस्त्रीच्या पोटात काही म्हणून राहत नाही.

बाई : त्यांना बोल लावू नका. मीच चढले गाडीत. दोरा तिथेच होता.

ड्रायव्हर : दोरा राहिला होय. मला वाटलं, सगळं निघालं.

बाई : तुम्हाला कधी कळलं?

ड्रायव्हर : तेव्हाच. पाय उचलला, पेडल उचललं नाही. म्हणून खाली पाहिलं. समोर भिंत येतेय, माणसं पळतायत, आणि मला दिसले फक्त तुझे निळे टाके. अजून डोळे मिटले की तेच दिसतात.

बाई : आणि तेवढ्यात ठरवून टाकलंत की हिला सांगायचं नाही?

ड्रायव्हर : तेवढ्यात नाही. नंतर. तू धावत येत होतीस, अनवाणी. दुरून माझं नाव घेत होतीस. एवढ्या वर्षांत कधी नाव घेतलं नव्हतंस. तेव्हा ठरलं.

बाई : माझ्या वाटणीचं तुम्ही का म्हणून घ्यायचं?

ड्रायव्हर : तुझ्या वाटणीचं कुठे? त्या दिवशी निघाल्यापासून तो सरकत होता. मी टाचेने ओढून घेत होतो. एकदा वाटलं, थांबावं आणि काढून मागे टाकावा. मग म्हटलं, संध्याकाळी तू विचारशील, का काढला? तोंड पाडून बसशील. राहू दे म्हटलं. आता बोल, कुणाची वाटणी?

बाई : मी तोंड पाडून बसले असते, एवढंच ना? एवढ्यासाठी?

ड्रायव्हर : एवढ्यासाठीच. तेव्हा ते मोठं वाटलं.

बाई : मी उलटा टाकला होता तो. ओला होता म्हणून.

ड्रायव्हर : असेल.

बाई : असेल काय? मला काहीतरी बोला. शिव्या द्या.

ड्रायव्हर : शिव्या द्यायला समोरच्या दारातली पैलवानाची बायको आहे की. ती देते तेवढ्या पुरेत.

बाई : म्हणूनच म्हणते, तिला सांगायला हवं.

ड्रायव्हर : नाही.

बाई : तिला वाटतं, तुम्ही पेंगलात. परवा नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, म्हातारा झोपला आणि माझा माणूस गेला.

ड्रायव्हर : म्हणू दे. तिला एक नाव पुरे आहे. माझं घेऊ दे. तुझं कशाला त्यात? समोरासमोर दारं आहेत तुमची. एका घरात भाजी झाली की दुसऱ्या घरात वाटी जायची. तुझं नाव कळलं तर तिच्याकडे काय उरलं?

बाई : आतासुद्धा काय उरलंय? वाटी गेलीय का एकदा तरी? आणि तुम्ही रात्री टप टप असा हात मारता खाटेच्या पाटीवर. झोपेत. ते काय आहे?

ड्रायव्हर : काही नाही.

बाई : दोन दोन थापा मारता.

ड्रायव्हर : ... तो मारत होता. टपावर. चढ संपल्यापासून. दोन थापा, पुन्हा दोन थापा. थांब, थांब. आमच्यात ठरलेलं होतं. इतक्या वर्षांत त्याच्या दोन थापा पडल्या आणि मी थांबलो नाही, असं झालं नव्हतं. शेवटी तर नुसता बडवत होता. काचा सोडल्या असत्या तर उडी मारू शकला असता. सोडल्या नाहीत त्याने. त्याला वाटत असेल, थांबतोच आहे हा. आता थांबेल.

बाई : अहो...

ड्रायव्हर : त्याला शेवटपर्यंत वाटलं असेल, मी ऐकलंच नाही. मी ऐकत होतो गं. एकेक थाप ऐकत होतो. ब्रेकवर उभा होतो मी. त्याला कसं सांगू?

बाई : त्याला नाही सांगता येणार. तिला येईल.

ड्रायव्हर : काय सांगू?

बाई : हेच. की तुम्ही जागे होता. त्याने हाक मारली, तुम्ही ऐकली, आणि तुम्ही झगडत होता. तिला वाटतंय, तिचा माणूस एका झोपलेल्या माणसाच्या मागे एकटा मेला. तसं नव्हतं ना ते? मग तेवढं तरी तिचं तिला द्या. गालिच्याचं मी सांगते. ते माझं आहे.

ड्रायव्हर : ती दार लावून घेईल.

बाई : घेईल. मग आपण बाहेरून सांगू.

ड्रायव्हर : तुझ्या अंगावर धावून आली तर?

बाई : येऊ दे. माझा गळा धरून तरी रडेल. अजून रडली नाहीये ती, माहीत आहे का तुम्हाला? नुसती बोलते. आणि उद्या चौकशीतही जे झालं तेच सांगायचं. पाय चुकला म्हणायचं नाही. तुमचा पाय चुकलेला नाही.

ड्रायव्हर : त्याने काही सुटका व्हायची नाही माझी. गाडी माझ्याच हातात होती.

बाई : सुटकेसाठी कोण म्हणतंय?

ड्रायव्हर : ... दिवा लाव. चपला दिसत नाहीत.

बाई : या काय, खाटेखाली. थांबा, मी सरकवते. हा गालिचा घेऊ बरोबर?

ड्रायव्हर : घे. तिला बघायचा असेल.

बाई : एक विचारू? खरं सांगाल?

ड्रायव्हर : आता खोटं काय राहिलंय?

बाई : खालून सायलेन्सर तापायचा, पत्रा पोळायचा, टाचेच्या भेगांतून रक्त यायचं, म्हणून तर केला होता मी हा. नुसतं विचारते. त्याच्यानंतर कधी पोळलं का हो पायाला?

ड्रायव्हर : नाही गं. एकदाही नाही.