दात माझा, गोळी तिची

...आता मला सांगा, दुखतोय काय, तर दात. आणि ती दातांची डॉक्टरीण, राजनंदिनी नाव, लेकीच्या वयाची, धरून बसली माझं मनगट! म्हणजे आम्ही म्हसवडहून एसटीनं गाल धरून साताऱ्याला यायचं, त्या खुर्चीत आडवं व्हायचं, आ वासायचा, डोळे मिटून सिद्धनाथाला हाक मारायची, आणि ही म्हणते, "काका, तोंड मिटा. हात पुढं करा." केला. तर हात थरथरतोय. अहो, मी फौजेत नेमबाजीचं बक्षीस घेतलेला माणूस!

"घाबरलात?" मी म्हटलं, बाई, सुभेदार होतो मी, घाबरीन कसा... आणि घाम टपटप तिच्या खुर्चीवर.

मग चौकशी. झोप लागते का? नाही. वजन उतरलंय? पट्ट्याला नवी भोकं पाडली. छाती धडधडते? दुखतोय काय, तर दात, आणि प्रश्न सगळे गळ्याखालचे! गोळ्या कसल्या चालू आहेत? दिलं खिशातलं पाकीट काढून.

"ही तर थायरॉईड कमी पडतं त्यांची गोळी. तुमचं कमी आहे, असं कुणी सांगितलं?"

"नाथाजीनं."

"ते कुठले डॉक्टर?"

आता काय सांगू... फौजेत आमचा ट्रक चालवायचा तो. शेजारीच राहतो.

त्याचं असं झालं, थायरॉईड होतं माझ्या बायकोला, संयोगिताला. तिची गोळी सकाळी उपाशीपोटी, पुढं अर्धा तास चहा नाही. तिला एकटीला कशाला ताटकळत ठेवायचं, म्हणून मलाही नाही. माघात ती गेली. मग मला उठवेना, कुणाशी बोलवेना, अंग नुसतं शिशाचं. नाथाजी पायरीवर बसून म्हणाला, "सुभेदार, वैनींचं बी आधी आसंच व्हायचं. तुमाला थायरॉईड हाय." आणि कपाटात तिच्या गोळ्या होत्याच. टाकवत नव्हत्या. संपल्या, तर तिच्याच चिठ्ठीवर आणल्या.

डॉक्टरीण म्हणाली, ते औषध अंगात जास्त झालंय, दाताच्या सुईनं काळीज आणखी पळेल, आज दात काढायचा नाही. आधी रक्त तपासा, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. म्हणजे एसटी तीच, गाल तोच, दातही तोच!

मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, महिना-दीड महिन्यानं पुन्हा रक्त काढलं. म्हणाले, "तुमचं थायरॉईड ठणठणीत आहे." मी विचारलं, मग ती मरगळ कशाची होती? त्यांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, "घरी कोण असतं तुमच्या?"

मी म्हटलं, साहेब, दुखतोय तो दात.

परवा काढला. कळलासुद्धा नाही. नाथाजी म्हणतो, "मी म्हनलो न्हवतो, निघंल?" दात गेला, गोळी गेली... चहा तेवढा अजून अर्धा तास उशिरानंच होतो. आता तो कुणाला दाखवू?