चौकासमोरची मिनाराई

गंजाडला आमच्याकडच्या लग्नात जपानी बाई आली होती, ते सांगितलं का तुम्हाला? केइको. आत्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, लिहीत होती आणि ही सकाळपासून मागे गप्प बसलेली. मी हिंदीत म्हटलं, "काहीतरी विचारा की!" तर म्हणाली, "आमच्याकडे याला मिनाराई म्हणतात. गुरूला विचारायचं नाही, नुसतं बघत शिकायचं."

दुपारी आत्याचा हात भरून आला. चौक सवाशिणींनीच लिहायचा असतो, म्हणून तिने मला विचारलं, "हिचं लगीन झालंय ना?" मी हो म्हटल्यावर तिने पिठात बुडवलेली काडी सरळ केइकोच्या हातात दिली.

केइकोने श्वास रोखला, रेघ ओढली, मग सोडला.

आत्या बघतच राहिली. "बाय गं! मी श्वास धरते, हे माझ्या सुनांनाही अजून दिसलं नाही."